काठाची कल्हई

मुकुंदकाकाचं दुकान दांडिया बाजारात होतं,
आता तिथे मोबाइलच्या काचा बदलतात.
भाता विकला, निखाऱ्यांचा खड्डा फरशीखाली गेला,
पण नवसागराचा तो वास
काकाच्या स्वेटरात अजून आहे.
थंडीत कपाट उघडलं की आधी खोकला येतो.

मी तांब्याच्याच कामात आहे, असं मी त्याला सांगते.
फक्त माझं तांबं केसाहून पातळ,
फुंकर लागली तरी चुरगळणारं.
त्यावर काळा लेप: ग्रॅफाइट, थोडी काजळी,
चिकटवायला डिंकासारखं काहीतरी.
वाळला की शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या कापायच्या
आणि काचेच्या पेटीत, जाड रबरी मोज्यांतून हात घालून,
सेल बांधायचा.
पेटीत हवा नाही, आर्गॉन.
बडोद्याची दमट दुपार तिथे शिरली
तर लिथियम डोळ्यांदेखत काळं पडतं.

सावकाश दिलंत तर ते गुणी आहे.
ग्रॅफाइटच्या पानापानांत जाऊन बसतं.
काळं आधी निळसर होतं, मग तांबूस,
आणि पूर्ण भरलं की सोनेरी.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी कुणाला सांगितलंच नाही.

पण घाई केली,
तर चांपानेर दरवाजात संध्याकाळी स्कूटर अडकतात
तसं दाराशीच तुंबतं.
आत जागा असते. आत जायला वेळ नसतो.
मग तिथेच थर, थरावर शेवाळ,
शेवाळातून सुया.
एक सुई पडद्यापलीकडे पोचली की पुरे.

हर्षलच्या पोटरीवर त्या सुईची सही आहे.
काकाचा धाकटा, पार्सलं पोचवतो.
वाडी भागात, जिन्याखाली, रात्री अडीचला
चार्जिंगला लावलेली गाडी पेटली,
आणि वर सात घरं झोपलेली म्हणून
यानेच ती ओढत रस्त्यावर काढली.
आता गाडी नवी, जिना तोच.
"ताई, केटली वार?" तो विचारतो.
घाई झाली की तो गुजरातीत जातो.
"चहा उकळेपर्यंत भरली पाहिजे. पार्सल थांबत नाही."
मी म्हणते, चहा कोण करतंय त्यावर आहे.

तर लेपावर आणखी एक लेप, अॅल्युमिनाचा,
इतका पातळ की तराजूला कळत नाही.
काकाला समजावताना म्हटलं,
आंबट आमटी कळकू नये म्हणून तू जे करायचास, ते.
"मग कल्हई म्हण ना," काका म्हणाला,
"त्याचे एवढे पैसे घेतात?"

दहा मिनिटांत भर, रिकामा कर, पुन्हा भर.
सदतीस नंबरचा सेल दोनशे एक्केचाळीस फेऱ्या टिकला
आणि त्याने मान टाकली.
उघडला. मधोमध स्वच्छ.
राखाडी शेवाळ फक्त कडेला, गोल,
जिथून मी चकती कापली होती.

काकाने चष्मा कपाळावर चढवला,
फोन लांब धरून फोटो पाहिला, बराच वेळ.
"पातेल्याची पण काठालाच उडायची.
पळी तिथेच आपटते.
म्हणून काठावरून कापूस दोनदा फिरवायचा.
गिऱ्हाईक मधलं चकाकतं तेवढंच बघतं."

आता मी आधी कापते, मग कल्हई चढवते.
दोन वर्षांच्या वहीत ही एक ओळ.
बावन्न नंबर आज सहाशेव्या फेरीत आहे,
त्याच्याबद्दल मी मोठ्याने बोलत नाही.
आणि सहाशे म्हणजे तरी किती?
हर्षल दिवसातून दोनदा चार्ज करतो,
त्याचं वर्षसुद्धा भरत नाही.

काल त्यांच्या जिन्याखाली वाळूची बादली ठेवून आले.
आज पाहिलं, तर कुणीतरी तिच्यात
उदबत्ती खोचून गेलेलं.